माहेरच्या नावाचे मोल

एक लाकडी पेटी. तीत शंभर सुया, एक हजार टाचण्या, पांढऱ्या दोऱ्याची गुंडी, एक फणी, एक कात्री, दोन सुऱ्या, पायमोज्यांचा जोड, हातमोज्यांचा जोड, बुटांची फीत, डोक्याला बांधायची टोपी, एक रेशमी हातरुमाल आणि रोख दोन लिव्र. सतराव्या शतकातल्या फ्रेंच मुलीचे हे रुखवत! मांडव नाही, वाजंत्री नाही. आणि मौजेची गोष्ट अशी की, नवरामुलगासुद्धा अजून ठरलेला नाही. तो ठरायचा समुद्रापलीकडे, दोन-अडीच महिन्यांचा जहाजाचा प्रवास जिवंतपणी पार पडला तर.

इ. स. १६६३ ते १६७३ या दहा-अकरा वर्षांत अशा सुमारे आठशे मुली फ्रान्सच्या बंदरांतून कॅनडाकडे निघाल्या. त्यांचा खर्च चौदाव्या लुई राजाच्या तिजोरीतून झाला, म्हणून इतिहासात त्यांना ‘राजाच्या लेकी’ असे नाव पडले. नाव राजकन्यांचे, पण जिणे मात्र पोरकेपणाचे. निम्म्याहून अधिक जणींचे वडील लग्नापूर्वीच वारलेले होते. पॅरिसच्या अनाथालयातून आलेल्याही पुष्कळ होत्या.

राजाला या मुलींची गरज का पडावी? सेंट लॉरेन्स नदीच्या काठी फ्रेंचांनी १६०८ साली क्वेबेक शहराची स्थापना केली होती. पण पन्नास-पंचावन्न वर्षांनंतरही वसाहत तीन हजारांच्या आसपासच रेंगाळत होती. राजाचा कारभारी झां तालाँ याने १६६६ साली घरोघर फिरून खानेसुमारी करवली. उत्तर अमेरिकेतली ती पहिली शिरगणती मानतात. हिशेब लागला तो असा : एकूण माणसे ३,२१५, त्यांत पुरुष २,०३४ आणि बायका १,१८१. एवढ्या ब्रह्मचाऱ्यांचे करायचे काय? तालाँने फर्मान काढले की, नव्या आलेल्या मुलींशी लग्न न करणाऱ्या सड्यांना शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क मिळणार नाही. शिवाय दहा मुले हयात असलेल्या बापाला वर्षाला तीनशे लिव्र, आणि बारा असतील तर चारशे!

या मुलींनी लिहून ठेवलेल्या रोजनिशा नाहीत, आठवणींची पुस्तके नाहीत. कित्येकींना सही करता येत नव्हती. असे असूनही आज त्यांच्यातल्या बहुतेक जणींचे लग्न कुठे आणि कोणाशी झाले, मुले किती झाली, त्यांतली किती जगली, विधवा झाल्यावर पुन्हा संसार मांडला की नाही, हे सारे नावानिशी सांगता येते. आपल्यापैकी किती जणांना स्वतःच्या खापरपणजीविषयी एवढे सांगता येईल? साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या परदेशी पोरक्या मुलींची ही कुंडली जमली कशी, तेच या लेखात सांगायचे आहे.

पाद्र्याची वही

त्या काळच्या फ्रेंच मुलखात माणसाच्या आयुष्यातले तीन प्रसंग चर्चमध्ये नोंदले जात : बाप्तिस्मा, लग्न आणि दफन. पाद्रीबुवा वही उघडीत, दिनांक घालीत, नावे लिहीत आणि ज्यांना सही येई त्यांची सही घेत. फ्रान्सच्या राजाने १६६७ साली नियम घालून दिला की, या वह्यांच्या दोन प्रती कराव्या; एक चर्चमध्ये ठेवावी आणि दुसरी न्यायकचेरीत द्यावी. एक प्रत उंदरांनी खाल्ली किंवा आगीत गेली, तर दुसरी शिल्लक राहावी, हा त्यातला व्यवहार.

पुढे १७६३ च्या तहाने हा मुलूख इंग्रजांकडे गेला. राज्य बदलले, निशाण बदलले, पण वह्या चालूच राहिल्या. चर्चच्या नोंदीलाच सरकारी दाखल्याचा मान देण्याची ही पद्धत क्वेबेकमध्ये १९९३ च्या अखेरपर्यंत टिकली. एका छोट्या समाजाची जवळजवळ पहिल्या दिवसापासूनची अखंड हजेरी अशी जगात फार थोड्या ठिकाणी सापडते.

मात्र वह्या असणे वेगळे आणि त्यांतून माणूस उभा करणे वेगळे. वहीत माणूस सलग नसतोच. त्याचा जन्म एका पानावर, लग्न दुसऱ्या गावच्या वहीत आणि मृत्यू तिसऱ्याच ठिकाणी. फुटलेल्या बांगडीचे तुकडे चार गावांच्या उकिरड्यांवर विखुरलेले असावे, तसा हा प्रकार.

हे तुकडे सांधण्याची शास्त्रशुद्ध रीत १९५० नंतरच्या दशकात लुई आँरी या फ्रेंच लोकसंख्याशास्त्रज्ञाने घालून दिली. प्रत्येक लग्नासाठी एक कागद घ्यायचा. नवरा-बायकोची नावे वर लिहायची. मग वह्यांमधून त्यांच्या मुलांचे बाप्तिस्मे, मुलांची लग्ने, सगळ्यांची दफने शोधून त्या कागदावर चढवायची. कागद भरला की एक कुटुंब डोळ्यांसमोर उभे राहते. आई कितव्या वर्षी बोहल्यावर चढली, पहिले मूल किती महिन्यांनी झाले, दोन मुलांत किती अंतर होते, हे सगळे त्यावरून मोजता येते. नॉर्मंडीतल्या क्रुले नावाच्या एका खेड्याचा असा अभ्यास १९५८ साली प्रसिद्ध झाला आणि या शास्त्राचा पाया पक्का झाला.

एका खेड्याचे हे काम हाताने होते. पण एका अख्ख्या देशाचे? ते साहस माँट्रिअल विद्यापीठातल्या युबेर शार्बोनो आणि झाक लेगारे या दोघांनी १९६६ साली अंगावर घेतले. संगणक तेव्हा खोलीभर जागा अडवीत आणि छिद्रे पाडलेल्या कार्डांवरून माहिती गिळीत. या मंडळींनी ठरवले की, क्वेबेकच्या वह्यांमधली १७९९ पर्यंतची प्रत्येक कॅथलिक नोंद उतरून घ्यायची आणि प्रत्येक माणसाचे तुकडे जुळवायचे. नोंदी भरल्या सुमारे सात लाख! यालाच आजच्या भाषेत ‘ऐतिहासिक लोकसंख्येचा डेटाबेस’ म्हणतात. पुढे त्यात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतची भर पडली.

जोडीला ओळख असते

आता तुम्ही म्हणाल, यंत्राला नाव सांगितले की ते त्या नावाच्या सगळ्या नोंदी पटापट काढून देईल. त्यात कठीण ते काय? कठीण हेच की, एकट्या नावाला ओळख नसते. आपल्याच एखाद्या पेठेत उभे राहून ‘अहो गोविंदराव जोशी!’ अशी हाक मारा. चार खिडक्या उघडतील. पण ‘ते गोविंदराव, ज्यांच्या मंडळी माहेरच्या जानकी लेले’ असे म्हटले, की तीन खिडक्या मिटतात आणि एकच उघडी राहते. नवऱ्याचे नाव व आडनाव आणि बायकोचे नाव व माहेरचे आडनाव, हे चार शब्द एकत्र आले की दुसऱ्या कोणाशी घोटाळा होण्याची शक्यता फारच कमी.

क्वेबेकच्या संशोधकांना ही किल्ली आयती मिळाली; कारण फ्रेंच रिवाजाप्रमाणे चर्चच्या आणि कचेरीच्या कागदांत स्त्री मरेपर्यंत माहेरच्या नावानेच राही. मुलाच्या बाप्तिस्म्यात ‘अमक्याचा आणि त्याची पत्नी तमकी हिचा मुलगा’ असे लिहीत, ते तिच्या माहेरच्या आडनावासह. लग्नाच्या नोंदीत वधू-वरांच्या आई-बापांची नावे येत, आणि त्यातही आईचे नाव माहेरचे. म्हणजे एका लग्नाच्या नोंदीतून मागच्या दोन लग्नांकडे वाट फुटे, त्या दोहोंतून आणखी चारांकडे. असे चढत चढत थेट त्या लाकडी पेटीपर्यंत पोचता येते.

अडचणी होत्याच. पाद्रीबुवा नाव कानावर पडेल तसे लिहीत, त्यामुळे एकच आडनाव चार वह्यांत चार रूपांत भेटे. त्यावर तोड म्हणून उच्चारावरून नावांचे गट पाडावे लागले. दुसरी भानगड टोपणनावांची. फ्रान्सहून आलेल्या पलटणीतल्या शिपायांना ‘फूल’, ‘बेफिकीर’, ‘तरणाबांड’ अशा अर्थांची नावे पडलेली असत. शिपाई पुढे शेतकरी झाला तरी टोपणनाव चिकटून राही. आपल्याकडे ‘ऊर्फ’ लावतात तसेच. मग एक मुलगा बापाचे आडनाव लावी आणि दुसरा बापाचे टोपणनाव! यंत्राच्या मते ते दोघे परके. पण दोन्ही नोंदींत आई तीच. आईच्या माहेरच्या नावानेच असे दुरावलेले भाऊ पुन्हा एकत्र आणले.

वहीने धुतलेला डाग

एवढा खटाटोप करून हाती काय लागले? पहिली गोष्ट अब्रूची. लाओंताँ नावाच्या एका फ्रेंच सरदाराने १७०३ साली प्रवासवर्णन छापले आणि त्यात या राजाच्या लेकींची टवाळी करून त्या बाजारबसव्या होत्या असे सुचवले. लेखणी सरदाराची, वाचकही बडे. ही कुचाळकी अडीच शतके पुस्तकापुस्तकांतून फिरत राहिली आणि त्यांच्याच वंशजांना मान खाली घालावी लागली.

उत्तर दिले ते वह्यांनी. ईव्ह लांद्री या संशोधकाने त्यांतल्या ७७० मुलींची आयुष्ये नोंद-नोंद जुळवून उभी केली आणि १९९२ साली ती ग्रंथरूपाने मांडली. लग्नाआधीची मुले विरळा, संसार दीर्घ, पदरी भरपूर मुले. गरिबी होती, पोरकेपण होते, पण सरदाराने लावलेला डाग त्या नोंदींत कुठेच सापडला नाही. ज्या मुलींना आपली बाजू लिहिताही येत नव्हती, त्यांची बाजू पाद्र्याच्या वहीतल्या दोन-दोन ओळींनी मांडली.

समाज वाढला कसा, तेही या नोंदींतून मोजता आले. बायका कमी असल्यामुळे वसाहतीत जन्मलेल्या पहिल्या पिढीच्या मुली विशीच्या आत लग्न करीत. त्याच शतकात इंग्लंडमधल्या कॉलिटन गावी सरासरी वधू सत्तावीस ते तीस वर्षांची असे, हे तिथल्या चर्चच्या वह्यांवरून काढलेले आहे. लग्न पाच-सात वर्षे आधी म्हणजे दोन-तीन मुले अधिक, हा साधा हिशेब. त्यात विधवा फार दिवस विधवा राहत नसे. परिणाम असा की, फ्रान्सहून येऊन स्थायिक झालेली माणसे दहा हजारांच्या आसपासच, पण १७६० च्या सुमारास वस्ती सत्तर हजारांच्या घरात गेली. अर्थात या आकड्याची दुसरी बाजूही वहीतच आहे. चार-पाच बाळांतले एक पहिला वाढदिवस पाहत नसे. बाप्तिस्मा आणि दफन यांतले अंतर कित्येक ठिकाणी आठवड्याचे, कित्येक ठिकाणी एका रात्रीचे.

आजी घरात असली म्हणजे

आता एक शोध असा, जो ऐकून आपल्या घरातल्या वडीलधाऱ्या बायका म्हणतील, ‘हे सांगायला विद्यापीठ कशाला हवे?’ बहुतेक प्राण्यांत मादीची वीण संपते तेव्हा तिचे आयुष्यही संपत आलेले असते. माणसाची बाई मात्र त्यानंतरही वीस-तीस वर्षे जगते. निसर्गाने ही वर्षे कशासाठी दिली, असा प्रश्न शास्त्रज्ञांना पडला. फिनलंड आणि कॅनडा इथल्या जुन्या नोंदी चाळून २००४ साली एक उत्तर पुढे आले : पन्नाशीनंतर जगलेल्या दर दहा वर्षांमागे स्त्रीला सरासरी दोन नातवंडे अधिक लाभत होती.

क्वेबेकच्या डेटाबेसवरून २०१९ साली याची आणखी बारीक तपासणी झाली. ज्या लेकींची आई हयात होती, त्यांना आई वारलेल्या स्त्रियांपेक्षा सरासरी दोन मुले अधिक झाली. आणि पंधराव्या वर्षापर्यंत जगलेल्या मुलांत सरासरी एकाची भर पडली. कोणी म्हणेल, आई दीर्घायुषी म्हणजे घराण्याची प्रकृतीच दणकट; त्यात आजीचे कर्तृत्व ते काय? म्हणून संशोधकांनी एकाच आईच्या लेकींची तुलना केली. एक माहेराजवळ नांदणारी, दुसरी दूरच्या गावी दिलेली. रक्त तेच, प्रकृती तीच. तरी माहेर जितके लांब, तितका आजीचा लाभ कमी भरला. बाळंतपणाला धावून येणारी, रात्री तापलेले पोर मांडीवर घेऊन बसणारी आजी अशी अंकांत दिसू लागली.

या हिशेबाला काय लागले ते पाहा. लेकीची नोंद तिच्या आईच्या नोंदीशी जोडता यायला हवी. लेक सासरी जाऊन नाव बदलून बसली असती, तर आई एका वहीत आणि लेक दुसऱ्या वहीत, एकमेकींना अनोळखी. माहेरचे नाव टिकले म्हणून आजी सापडली.

डोळ्यांचा आजार आणि एक वधू

दुसरा शोध गंभीर आहे. एक आनुवंशिक आजार असा की, ऐन तारुण्यात, बहुधा मुलग्यांना, आधी एका डोळ्याने आणि काही आठवड्यांत दुसऱ्याने समोरचे दिसेनासे होते. लेबर या जर्मन डॉक्टराने १८७१ साली त्याचे वर्णन केले, म्हणून तो त्याच्या नावाने ओळखला जातो. हा दोष फक्त आईकडून मुलांत उतरतो. बापाकडून कधीच नाही. आई स्वतः बहुधा ठणठणीत असते. भोगतो तो मुलगा.

क्वेबेकमधल्या रुग्णांच्या आईची आई, तिची आई, असे संशोधक डेटाबेसमधून मागे मागे चढत गेले. निरनिराळ्या गावांच्या वाटा एकाच स्त्रीपाशी येऊन मिळाल्या. १६६९ साली क्वेबेक शहरात लग्न झालेली ती राजाची एक लेक होती. तिच्या पेटीत राजाने शंभर सुया घातल्या होत्या. पेशींमध्ये दैवाने काय घातले आहे ते ना राजाला ठाऊक होते ना तिला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की, या मातृवंशातल्या मुलग्यांत बालमृत्यूही अधिक होते, आणि मुलींना झळ लागत नसल्यामुळे दोष पुसला न जाता पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला. इथेही सारी साखळी बायकांचीच. पुरुषांच्या आडनावांची वंशावळ कितीही जाडजूड असती, तरी ती या कामी निरुपयोगी ठरली असती.

अशा माहितीचा उपयोग आजच्या घरांनाही होतो. क्वेबेकच्या उत्तरेला सागने नावाचा प्रदेश आहे. १८३८ पासून शेजारच्या शार्लव्हा भागातली कुटुंबे तिथे जाऊन वसली. तिथे यकृताचा आणि मज्जासंस्थेचा असे काही आनुवंशिक आजार इतरत्र दिसत नाहीत इतके दिसतात. लोक म्हणत, ‘आपापसांत सोयरिकी करतात, म्हणून!’ झेरार बुशार या इतिहासकाराने १९७० नंतर या प्रदेशाचा दुसरा एक मोठा नोंदसंग्रह उभारला. त्यावरून कळले की, जवळच्या नात्यांतली लग्ने तिथे काही जास्त नव्हती. मूळ वसाहतकऱ्यांची संख्याच लहान, आणि त्यांतल्या एखाद-दुसऱ्याजवळ असलेला दोष वाढत्या वंशाबरोबर पसरला, एवढेच. पुन्हा एक कुचाळकी खोटी ठरली. २०१० पासून तिथल्या जोडप्यांना अपत्याचा विचार करण्यापूर्वी चार आजारांची तपासणी करून घेण्याची सोय झाली.

वहीत जे नाहीत ते

दप्तराची स्तुती करताना त्याच्या उणिवा झाकू नयेत. बाप्तिस्म्याची वही जन्माची वही नव्हे. पाद्री येण्यापूर्वीच गेलेल्या बाळाला सुईण घाईघाईने पाणी शिंपडून आशीर्वाद देई. ते दफनाच्या पानावर बिननावाचेच उमटे, किंवा उमटतही नसे. शहरातली तान्ही बाळे खेड्यातल्या दाईकडे दूध पाजायला ठेवीत. ती तिकडेच दगावली तर आईच्या गावच्या वहीत काहीच नाही. कातड्यांच्या व्यापारासाठी रानात गेलेला नवरा परत आला नाही, तर त्याच्या नावापुढचे पान कायमचे कोरे. त्या भूमीचे मूळ रहिवासी या वह्यांत क्वचित येतात, आणि गुलामांच्या नोंदींत बहुधा आई-बापांचा पत्ता नसतो. ज्यांना वहीने विसरले, त्यांना डेटाबेसही विसरतो. म्हणून चांगला संशोधक सापडलेल्यांची मोजदाद करताना न सापडलेल्यांचा अंदाज आधी घेतो.

दुसरी काळजी अब्रूची. मेलेल्यांच्या नोंदी जिवंतांपर्यंत पोचतात. अमुक घराण्यात अमुक आजार आहे, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हाती पडले तर सोयरिकी मोडतील. म्हणून अलीकडच्या काळातल्या आणि आजारांशी संबंधित नोंदी कुलुपात असतात, आणि अभ्यासकाला पुष्कळदा नावाऐवजी क्रमांकावरच भागवावे लागते.

आपल्या दप्तरात काय आहे?

हे वाचून आपल्या मनात साहजिकच येते की, आपल्याकडे असे काही नाही का? आहे, पण तऱ्हा निराळी. देशभर एकाच वेळी केलेली पहिली जनगणना १८८१ ची. तेव्हापासून २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी आपली शिरगणती होत गेली. वऱ्हाडात गावोगाव लिहिलेल्या जन्म-मृत्यूंच्या आकड्यांवरून टिम डायसन या अभ्यासकाने १८८१ ते १९८० या शंभर वर्षांचा लोकसंख्येचा इतिहास मांडला आहे. दुष्काळात गर्भधारणा आधी घटतात आणि मृत्यूंची मोठी लाट पुष्कळदा पाऊस परतल्यावर, तापाच्या साथीबरोबर येते, अशा गोष्टी अशाच आकड्यांतून उमगल्या. पण हे आकडे गावाचे, तालुक्याचे. त्यांत डोकी मोजलेली आहेत, नावे जोडलेली नाहीत. एखाद्या बाईचे जन्म, लग्न, बाळंतपणे आणि मृत्यू त्यांतून सलग वाचता येत नाहीत.

नावे आहेत ती दुसरीकडे. गोव्यातल्या चर्चांत क्वेबेकसारख्याच बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या वह्या आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आडनाव आणि मूळ गाव सांगितले की आजोबा-पणजोबांची नोंद निघते. आणि कित्येक घराण्यांचे कुलवृत्तान्त तर आपल्या कपाटात असतातच. वर्षानुवर्षे पत्रव्यवहार करून, स्वतःच्या खर्चाने हिंडून कुलवृत्तान्त जमवणारी माणसे ही आपल्याकडची शार्बोनो आणि लेगारेच म्हणायची.

पण एखादा कुलवृत्तान्त उघडून मुलीच्या नावावर बोट ठेवा. ‘अमक्या गावच्या तमक्यांना दिली’ एवढ्यावर तिची ओळ बहुधा संपते. सासरच्या कुलवृत्तान्तात ती पुन्हा भेटते खरी, पण नव्या आडनावाने, आणि पुष्कळदा नव्या नावानेही. ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहिले जाते त्या घटकेला आपल्याकडचा धागा तुटतो. माहेरच्या पुस्तकातली यमू आणि सासरच्या पुस्तकातली लक्ष्मीबाई ही एकच बाई, हे सांगणारी माणसे हयात असेपर्यंतच ते ठाऊक असते. काही कुलवृत्तान्तांत सुनेचे माहेरचे नाव आणि वडिलांचे नाव काळजीने दिलेले असते. तिथे दोन पुस्तके जोडता येतात. सुनेच्या आईचे नाव मात्र फारच क्वचित सापडते. म्हणजे आजीचे मोल मोजणारा किंवा आईकडून उतरणाऱ्या आजाराचा माग काढणारा संशोधक आपल्या दारात आला, तर त्याला आपण पुरुषांची भली लांब यादी देऊ. त्याला हवे असलेले तेवढेच तीत नसेल.

उपाय खर्चाचा नाही. क्वेबेकने १९८१ पासून कायद्यानेच स्त्रीचे जन्मनाव आयुष्यभर कायम केले. ज्याने त्याने कोणते नाव लावावे हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. पण नोंदीत दोन्ही नावे ठेवायला कोणाची हरकत असेल? कुलवृत्तान्ताची नवी आवृत्ती निघेल तेव्हा प्रत्येक स्त्रीपुढे जन्मनाव, लग्नानंतरचे नाव, आई आणि वडील या दोघांची नावे, जन्मगाव आणि साल एवढे रकाने असावेत. लेकींची मुले ‘परक्या घराण्यातली’ म्हणून गाळू नयेत. गेलेली बाळेही लिहावीत. पाळण्यात गेलेल्या मुलांबद्दल घरात कोणी बोलत नाही. परंतु ‘पूर्वी माणसे कशी निरोगी असत’ या आपल्या आवडत्या समजुतीला तपासून पाहणारी साक्ष तीच.

क्वेबेकच्या या भरभक्कम दप्तराचा आरंभही एका संकटातून झालेला आहे. जून १६४० मध्ये शहरातले चर्च जळाले आणि आधीच्या साऱ्या वह्यांची राख झाली. दुसरी प्रत ठेवण्याचा नियम तेव्हा यायचा होता. पाद्र्यांनी हातपाय गाळले नाहीत. गाव लहान होते, माणसे हयात होती. कोणाचे लग्न कधी लागले, कोणाचे मूल कधी झाले, हे आठवून आठवून त्यांनी नव्या वहीत पुन्हा लिहून काढले. आज संशोधकांच्या संग्रहात त्या पहिल्या वर्षांच्या ज्या नोंदी आहेत, त्या या आठवणीतून लिहिलेल्या. वीस-तीस वर्षे उशीर झाला असता, तर आठवणारेही उरले नसते.

आपल्याकडे ती वेळ अजून गेलेली नाही. दिवाळीत काकू, आत्या, मामी, मोठी मावशी अशा चार दिशांना गेलेल्या बायका एका घरात जमतात, आणि कोणाचे माहेर कुठले हे त्यांना तोंडपाठ असते. भाऊबिजेचे ताट उचलल्यावर अर्धा तास एक वही आणि पेन्सिल त्यांच्यापुढे ठेवावी, आणि लिहिण्याचे काम घरातल्या सर्वांत लहान अक्षरओळख झालेल्या मुलाकडे किंवा मुलीकडे द्यावे. ती वही सर्वांत जास्त दिवस सांभाळणार आहे तेच मूल.